शाळेत न गेलेल्या मुलांसाठी एनआयओएस : दहावीपासून महाविद्यालयाच्या प्रवेशापर्यंत

आमची मुलगी एकही दिवस शाळेत गेली नाही. तिचे सगळे शिक्षण घरी झाले, दहावी आणि बारावीच्या परीक्षा तिने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे सगळे ज्याला एनआयओएस म्हणतात तिथून दिल्या आणि सध्या ती रसायनशास्त्र घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होमस्कूलिंग करणारे पालक मुले लहान असेपर्यंत बरेच निश्चिंत असतात, पण मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की कॉलेजच्या प्रवेशाची काळजी घरात शिरते आणि मग ज्याला त्याला विचारत फिरणे सुरू होते. आम्हीही तसेच फिरलो, आणि अर्धवट माहितीच्या जोरावर ठामपणे बोलणारे लोक आम्हाला इतके भेटले की आपला अनुभव नीट लिहून ठेवावा असे तेव्हाच ठरवले होते. माझे मत आधीच सांगते. महाविद्यालयाचे दार उघडण्यासाठी एनआयओएसचे प्रमाणपत्र पूर्ण ताकदीचे आहे आणि आम्ही पुन्हा तोच मार्ग निवडू, मात्र ही संस्था जो मोकळेपणा देते तो प्रवेशाच्या वेळापत्रकात बसवण्याचे काम सर्वस्वी घरच्यांना करावे लागते.

एनआयओएस ही खाजगी शिकवणी नाही आणि घरबसल्या पदवी वाटणारे दुकानही नाही, हे आजही अनेकांना सांगावे लागते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये मुक्त शाळेचा एक प्रकल्प सुरू केला होता, त्यातून १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वायत्त संस्था स्थापन केली आणि २००२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. मुख्यालय नोएडाला आहे, महाराष्ट्रासाठी प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. सीबीएसई किंवा आपले राज्य मंडळ जसे परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते तसेच हे एक राष्ट्रीय मंडळ आहे. फरक इतकाच की त्या परीक्षेला बसण्यासाठी रोज कुठल्या वर्गात हजर राहावे लागत नाही.

घरी शिकलेल्या मुलासाठी पहिली दिलाशाची गोष्ट दहावीच्या प्रवेशातच आहे. वयाची १४ वर्षे पूर्ण झालेली असावीत, आणि आठवी उत्तीर्ण झाल्याचा कागद नसेल तर दहावीचा अभ्यासक्रम झेपेल इतका अभ्यास झाला आहे असे स्वतःचे घोषणापत्र दिले तरी चालते. जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि हे घोषणापत्र एवढ्यावर आमचा अर्ज स्वीकारला गेला. ज्या मुलीकडे नावापुरतीही पहिली ते नववीची गुणपत्रिका नव्हती, तिला देशपातळीवरच्या मंडळाने तितक्याच सरळपणे आत घेतले, याचे मोल शाळेतून आलेल्या मुलांच्या पालकांना कदाचित जाणवणार नाही. आम्हाला ते फार जाणवले.

विषयांची निवड हा या व्यवस्थेचा सर्वांत सुंदर आणि तितकाच धोक्याचा भाग आहे. दहावीला किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक भाषा असलीच पाहिजे आणि दोनपेक्षा जास्त भाषा चालत नाहीत. वर हवे असल्यास आणखी दोन विषय जोडता येतात. गणित आणि विज्ञान घेतलेच पाहिजे अशी सक्ती नाही. चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र, डेटा एन्ट्री असे विषय गणिताच्या बरोबरीने यादीत आहेत आणि प्रमाणपत्रावर त्यांचे वजन सारखेच असते. ज्या मुलाला गणिताची धास्ती आहे त्याला ही मोठी सुटका वाटते, आणि काही मुलांच्या बाबतीत ती योग्यही असते. पण चौदाव्या वर्षी सोडलेला विषय सतराव्या वर्षी अडवू शकतो. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाने दहावीला गणित आणि विज्ञान दोन्ही टाळले आणि दोन वर्षांनी त्याला विमानांचे वेड लागले; मग सगळा पाया नव्याने घालावा लागला. म्हणून माझा आग्रह असा की मूल आज काहीही म्हणत असले तरी दहावीला गणित आणि विज्ञान ठेवावे, आणि आवडीचा विषय सहावा किंवा सातवा म्हणून घ्यावा. आमच्या मुलीने मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि सहावा विषय म्हणून चित्रकला घेतली होती, आणि सहाव्या विषयाचा तिला कधीही भार झाला नाही.

आता वेळेविषयी, कारण बहुतेक घरे इथेच चुकतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे चालतो आणि त्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. एका वेळी दोन विषय दिले, पुढच्या वेळी तीन दिले, तरी उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण जमा राहतात. याशिवाय मागणीनुसार परीक्षेचीही सोय आहे, ज्यात तयारी झालेल्या एखाद्या विषयाची परीक्षा ठरावीक केंद्रावर जाऊन देता येते. घरी शिकणाऱ्या मुलाची एका विषयात झेप असते आणि दुसऱ्यात ते रेंगाळते, त्या चालीला ही रचना इतकी जुळते की ती जणू अशा मुलांसाठीच आखली असावी असे वाटते.

मात्र महाविद्यालयांचे प्रवेश कोणाच्या चालीसाठी थांबत नाहीत. राज्य मंडळाचा बारावीचा निकाल लागला की पदवीच्या प्रवेशयाद्या भराभर लागतात, आणि एप्रिल-मेच्या एनआयओएस परीक्षेचा निकाल त्या धावपळीच्या मध्यावर किंवा नंतर हातात येऊ शकतो. आमच्या आधी या मार्गाने गेलेल्या एका ताईंनी आम्हाला बजावले होते की बारावीची शेवटची परीक्षा प्रवेशाच्या आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकून टाका. त्यांचा सल्ला आम्ही तंतोतंत पाळला. निकाल हिवाळ्यातच आला, जूनपर्यंत गुणपत्रिका, प्रमाणपत्र, स्थलांतराचा दाखला सगळे फाईलमध्ये होते आणि मधल्या महिन्यांत मुलीला प्रवेश परीक्षेची निवांत तयारी करता आली. हे साधायचे तर मागे मोजत जावे लागते, कारण दहावी आणि बारावी उत्तीर्ण होण्यात दोन वर्षांचे अंतर असावे असा संस्थेचा नियम आहे. एका वर्षाच्या अंतराने बारावीचे चारपर्यंत विषय देता येतात, पण पूर्ण प्रमाणपत्र दोन वर्षांशिवाय हाती पडत नाही. हुशार मूल पंधराव्या वर्षीच बारावी उरकेल या आशेवर असलेल्या पालकांनी हा नियम नीट वाचावा. मला स्वतःला तो रास्त वाटतो, पण तो माहीत नसल्यामुळे एक आख्खे वर्ष गमावलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

बारावीला विषय निवडताना पुढच्या प्रवेश परीक्षांचे नियम शेजारी ठेवूनच बसावे. जेईई या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेसाठी एनआयओएसची बारावी किमान पाच विषयांसह ग्राह्य धरली जाते, त्यामुळे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि पाचवा एखादा विषय असा पूर्ण संच हवा. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण पुरतात, पण त्या आकड्यावर विसंबणे घातक आहे. एनआयटीसारख्या संस्थांमध्ये जेईई मेनवरून प्रवेश घ्यायचा तर सर्वसाधारण गटातील विद्यार्थ्याला बारावीत ७५ टक्के गुण किंवा आपल्या मंडळातील पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवरून अभियांत्रिकीला खुल्या गटासाठी संबंधित विषयांत ४५ टक्के मागतात. वैद्यकीयसाठी, म्हणजे नीट या प्रवेश परीक्षेसाठी, सर्वसाधारण गटाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के लागतात. एखाद्या विषयात गुण कमी पडले तर सुधारणेसाठी पुन्हा बसता येते, ही सोय वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. आमच्या मुलीने गणिताचा पेपर पुन्हा दिला होता.

संस्थेची पुस्तके एकट्याने वाचणाऱ्यासाठी लिहिलेली आहेत, हे पानोपानी जाणवते. धड्याच्या सुरुवातीला त्यातून काय शिकायचे ते सांगितलेले असते, थोडे वाचून झाले की मध्येच प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे धड्याच्या शेवटी असतात. ती संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी मुलाला एखादा धडा वाचायला देऊन अंदाज घेता येतो. तरीही जेईई आणि नीटचा अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांना धरून चालतो आणि एनआयओएसची मांडणी त्याच्याशी जागोजागी वेगळी आहे, म्हणून विज्ञान शाखेच्या मुलाला दोन्ही पुस्तके समोर ठेवून अभ्यास करावा लागतो. हे जास्तीचे काम आहे आणि ते धरूनच वर्षाचे नियोजन करावे. नेहमीच्या प्रवेशात शिक्षकांनी तपासायचे स्वाध्याय असतात, त्यांना टीएमए म्हणतात आणि त्यांचे २० टक्के वजन अंतिम गुणांत धरले जाते. अनेक मुले ते शेवटच्या आठवड्यात कसेबसे उरकतात. पानभर उत्तर मुद्देसूद लिहिण्याची सवय घरी शिकलेल्या मुलांना क्वचितच असते, आणि ती लावून घेण्याची ही उत्तम जागा आहे.

यानंतरचा भाग अभ्यासकेंद्राचा, आणि इथे आमचा अनुभव संमिश्र आहे. संस्था प्रत्येक विद्यार्थ्याला एका मान्यताप्राप्त शाळेशी जोडून देते. संपर्क वर्ग, स्वाध्याय आणि प्रात्यक्षिके तिथून होतात. आम्हाला मिळालेल्या केंद्राचे नाव मी घेत नाही, कारण तिथल्या माणसांमध्ये वाईट हेतू नव्हता, पण त्यांच्या लेखी मुक्त विद्यालयाचे विद्यार्थी म्हणजे मुख्य कामातून वेळ उरला तर पाहायची बाब होती. संपर्क वर्गांचे वेळापत्रक मागायला आम्ही चार वेळा गेलो. प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख आम्हाला केंद्राकडून कळलीच नाही. मुलीने स्वतः संकेतस्थळ पाहिले म्हणून ती आठ दिवस आधी समजली.

ते आठ दिवस मला अजून आठवतात. घरी तिने मीठ, लिंबू, हळद, चुना यांचे पुष्कळ प्रयोग केले होते, पण ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडण्याची तोटीची काचनळी, हातात धरलेली नव्हती. एका निवृत्त प्राध्यापकांनी ओळखीच्या प्रयोगशाळेत तिला तीन दुपारी उभे केले. पहिल्या दुपारी तिने ब्युरेटची तोटी जरा जास्त फिरवली आणि शंकुपात्रातले द्रावण क्षणात गडद जांभळे झाले. सर काही बोलले नाहीत, त्यांनी पात्र धुऊन पुन्हा तिच्यासमोर ठेवले. तिसऱ्या दुपारी ती एकेक थेंब सोडत होती, डावा हात तोटीवर, उजव्या हाताने पात्र गोल फिरवत, खाली पांढरा कागद, आणि एका थेंबाला फिकट गुलाबी छटा आली ती टिकून राहिली. तिने लागोपाठची तीन वाचने लिहून सरांना दाखवली, तिन्ही जुळत होती. आज ती रसायनशास्त्र शिकते आहे त्याचे मूळ त्या दुपारी आहे असे ती स्वतः सांगते. पण प्रत्येक मुलाला असे सर भेटतील असे नाही. प्रात्यक्षिकाचा विषय घेणाऱ्यांनी प्रयोगशाळेची सोय बारावीचा अर्ज भरण्याआधी पाहावी, आणि अभ्यासकेंद्र निवडताना घराजवळचे कोणते यापेक्षा तिथे विज्ञानाची मुले खरोखर येतात का, हे त्या केंद्रात जाऊन विचारावे.

प्रवेशाच्या खिडकीवरचा प्रसंगही सांगायला हवा. एका महाविद्यालयाच्या अर्जात ‘शाळा सोडल्याचा दाखला’ जोडणे बंधनकारक होते. आमच्याकडे तो असणे शक्यच नव्हते. एनआयओएस त्याऐवजी स्थलांतर आणि बदली यांचा मिळून एकच दाखला देते, आणि तोच इतर मंडळांच्या दोन्ही दाखल्यांच्या जागी असतो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तो उलटसुलट पाहिला, शाळेचे नाव कुठे आहे असे विचारले आणि ‘ओपनवाल्यांना आम्ही घेत नाही’ असे सांगून अर्ज परत केला. त्या वाक्यावर माझ्या मुलीचा चेहरा उतरलेला मी पाहिला. आम्ही वाद घातला नाही. अर्ज नाकारण्याचे कारण कृपया लेखी द्यावे, एवढीच विनंती केली आणि बाकावर बसून राहिलो. अर्ध्या तासाने उपप्राचार्यांनी आत बोलावले, दाखला वाचला, गुणपत्रिका पाहिली आणि विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र नंतर सादर करण्याच्या अटीवर प्रवेश मंजूर केला. बाहेरच्या मंडळातून आलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ते प्रमाणपत्र लागतेच, त्यात आमच्यावर वेगळा अन्याय नव्हता. दोष त्या कर्मचाऱ्याच्या अज्ञानाचा होता, आणि असे अज्ञान पुष्कळ ठिकाणी भेटेल हे धरून चालावे. आवाज न चढवता लेखी कारण मागणे हा त्यावरचा आम्हाला सापडलेला सर्वांत चांगला उपाय.

ही ‘ओपनवाले’ अशी हेटाळणी केवळ खिडक्यांपुरती नव्हती, ती काही काळ नियमांतही होती. वैद्यकीय शिक्षणाच्या नियमावलीत मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना नीटसाठी अपात्र ठरवणारी तरतूद होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती रद्द ठरवली, तरी प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०२४ मध्ये, राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानेच मुक्त विद्यालयांना मान्यता दिल्याचे नमूद होऊन, तो निकाली निघाला. मधली वर्षे ज्या मुलांनी टांगणीला लागून काढली त्यांची भरपाई कोण करणार, हा विचार मला अस्वस्थ करतो. आज मात्र घरी शिकलेले मूल जीवशास्त्र घेऊन निर्धास्तपणे नीटची तयारी करू शकते.

बारावीच करायची नाही, असेही काही पालक ठरवतात आणि २०१६ मधले एक उदाहरण पुढे करतात. मुंबईची एक घरी शिकलेली मुलगी आंतरराष्ट्रीय इन्फर्मॅटिक्स ऑलिम्पियाड या संगणक प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेतील पदकांच्या बळावर अमेरिकेतील एमआयटीत दाखल झाली होती. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद होते, आणि त्या दरम्यान चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिला शिकण्याची संधी दिली होती. हे उदाहरण खरे आहे आणि प्रेरणादायीही आहे. एमआयटी शालान्त प्रमाणपत्राची अट घालत नाही, आणि अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पालकांनी तयार केलेली विषयवार गुणपत्रिका व अभ्यासाचे वर्णन स्वीकारून त्याच्या जोडीला एसएटीसारख्या परीक्षेचे गुण पाहतात. पण ऑलिम्पियाडचे पदक हा हजारोंतून एखाद्याच्या वाट्याला येणारा मार्ग आहे, आणि भारतात पदवी घ्यायची असेल तर बारावीच्या किंवा तिच्या तोडीच्या कागदाशिवाय सहसा भागत नाही. परदेशी जायचे ठरलेल्या मुलांनीही हा कागद मिळवून ठेवावा असेच मी म्हणेन.

इतर वाटांचाही आम्ही विचार केला होता. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येते आणि मराठी माध्यमातच पुढे जायचे असेल तर तो मार्ग ओळखीचा आहे, मात्र तिथे विषय ठरलेल्या चौकटीत आणि परीक्षा एकदम द्यावी लागते. केंब्रिजची आयजीसीएसई आणि ए लेव्हल, म्हणजे त्यांच्या दहावी-बारावीच्या तोडीच्या परीक्षा, खाजगीरीत्या देणारी मुले आमच्या होमस्कूलिंगच्या गटात आहेत. अभ्यासक्रम उत्तम आहे, खर्च कितीतरी पटीने जास्त आहे आणि खाजगी विद्यार्थ्यांना बसू देणारे केंद्र शोधावे लागते.

शेवटी कागदपत्रांविषयी एक सूचना करते, कारण आमचा सर्वांत जास्त वेळ तिथे गेला. मुलीच्या जन्मदाखल्यावर नाव आधी आणि आडनाव शेवटी होते, आधारकार्डावर वडिलांचे नाव गाळलेले होते आणि एनआयओएसच्या अर्जात आम्ही आडनाव आधी लिहिले. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे भरले तसेच छापून आले आणि पुढे बारावी, प्रवेश परीक्षा, अधिवास प्रमाणपत्र, विद्यापीठाची पात्रता अशा प्रत्येक ठिकाणी ही तफावत समजावून सांगत प्रतिज्ञापत्रे जोडावी लागली. शाळेत जाणाऱ्या मुलाचे नाव पहिलीच्या हजेरीपटापासून एका पद्धतीने लिहिले जाते आणि तेच पुढे जात राहते. घरी शिकलेल्या मुलाचा पहिला हजेरीपट म्हणजे दहावीचा अर्ज. तो भरायच्या आधी, मूल तेरा वर्षांचे असतानाच, जन्मदाखला आणि आधारकार्ड समोरासमोर ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावे; दुरुस्ती करायची असेल तर तेव्हा वर्षभराचा अवधी हातात असतो.